तीस फुटांवरचं पाणी

गडदे सर वर्गात आले, की शर्टाच्या दोन्ही बाह्यांची बटणं लागली आहेत का ते आधी चाचपत, काठी टेबलाला टेकवून ठेवत आणि म्हणत, "लिहा."

मग पन्नास मिनिटं थांबणं नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, कंस सुरू, कंस पूर्ण, सगळं ते सांगत. 'बालाघाटच्या डोंगररांगेस आपल्या जिल्ह्याच्या भूगोलात अनन्यसाधारण महत्त्व आहे, पूर्णविराम.' आम्ही मान खाली घालून लिहीत असू. माझ्या चुलतभावानं आठ वर्षं आधी लिहिलेली वही माझ्याकडं होती आणि तिच्यात नि माझ्या वहीत एका वेलांटीचाही फरक नव्हता. परीक्षेत तसंच्या तसं उतरवलं की पैकीच्या पैकी. केज तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात भूगोलाला पोरं यायची ती या नोट्ससाठी.

त्यांच्या हातातली काठी बापाची होती, मेंढरं हाकायची, वरचं टोक कापून आखूड केलेली. नकाशाकडं न बघता ते तिचं टोक नेमकं मांजरेच्या उगमावर ठेवत. मे महिन्यातही बाह्या मनगटापर्यंत. डाव्या हातावर आईचं नाव गोंदलेलं होतं, ते वर्गाला दिसू नये म्हणून. हे मला फार नंतर कळलं. शिपायाशी, एसटीच्या कंडक्टरशी ते घरच्या बोलीत बोलत. वर्गाच्या दारात पाऊल पडलं की 'हाय'चं 'आहे' होई आणि 'लई'चं 'अत्यंत'.

त्या नोट्समध्ये एक वाक्य होतं : 'आपल्या परिसरातील विहिरींना सर्वसाधारणपणे तीस फुटांवर पाणी लागते.' माझ्या शेजारी बसणारी रुक्मिणी ते वाक्य लिहिता लिहिता थांबली आणि उभी राहिली.

"सर, आमच्या हिरीला तीस फुटावर पानी न्हाई."

सर रागावले नाहीत. "परीक्षेत तीसच लिहायचं," म्हणाले, आणि पुढचं वाक्य सांगू लागले.

मी परीक्षेत तीस लिहिलं. तिनं लिहिलं नाही.

तेरा वर्षांनी मी त्याच कॉलेजात, त्याच विभागात शिकवायला लागले होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये कॉलेजनं नव्यानं ठरवायचं, ही बाई यंदा हवी का नको. शिकवत काय होते? सरांच्याच नोट्स. 'लिहा' म्हणायची सवयसुद्धा त्यांचीच लागली होती.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. प्रत्येक कॉलेजानं प्राध्यापकांचा अभ्यासगट करावा, अध्यापनात एआयचा वापर कसा करावा यावर दर आठवड्याला बसून बोलावं आणि दोन वर्षांनी अहवाल द्यावा. ज्येष्ठ म्हणून प्राचार्यांनी गडदे सरांना निमंत्रक केलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शनिवारी दुपारी भूगोलाच्या प्रयोगशाळेत आम्ही सहा-सात जण जमायला लागलो. संगणकाचे सय्यद सर वयानं सगळ्यांत लहान, मराठीच्या जोगदंड मॅडम सगळ्यांत कडक. पहिले चार शनिवार एकच विषय चालला : पोरं गृहपाठ एआयकडून उतरवून आणतात, त्यांना धरायचं कसं?

"एकाच साच्यातली भाषा असते," जोगदंड मॅडम म्हणायच्या. "वाचलं की कळतं, ह्यात पोरगं कुठंच नाही."

गडदे सर फारसं बोलत नसत. खिशातले फुटाणे एकेक करून तोंडात टाकत ऐकत बसत.

पाचव्या शनिवारी सय्यद सरांनी लॅपटॉप मध्ये ठेवला. "आता खुद्द बघाच," म्हणाले आणि त्यांनी एआयला आपल्या भागातल्या भूजलावर निबंध लिहायला सांगितला. बघता बघता चार परिच्छेद पडद्यावर आले. सय्यद सर मोठ्यानं वाचू लागले. अनन्यसाधारण महत्त्व, सर्वसाधारणपणे, उथळ विहिरींना पुरेसे पाणी... दुसऱ्या परिच्छेदापाशी हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "गडदे सर, ह्यानं तुमच्या नोट्स चोरल्या की हो!"

सगळे हसले. मीही हसले. सरांच्या हातातला फुटाणा हातातच राहिला.

"सय्यद, त्याला एक इचारा," ते म्हणाले. "हे त्यानं कुठं बघितलं?"

सय्यद सरांनी टाइप केलं. उत्तर आलं, की मी प्रत्यक्ष काही पाहिलेलं नाही, शिकताना जो मजकूर मिळाला त्याच्या आधारे लिहिलं आहे. विहिरींची खरी पातळी स्थानिक लोकांकडून पडताळून घ्यावी.

सरांनी पडद्यावरचं पुन्हा वाचलं. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. "मी बी न्हाई बघितलं," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा हातात कापडात बांधलेली एक वही होती. ती टेबलावर ठेवून ते उभे राहिले. बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ते उभेच राहिले.

"पोरायला धरायचं कसं, हे आपन चार शनिवार बोललो. माझा बाप म्हनायचा, मेंढरू हरवलं की आधी आपल्या वाडग्याच्या कुंपनात बघावं, मग दुसऱ्याच्या. ही वही माझी न्हाई. अक्षर माझं हाय, पन लिहून घेतलेली माझ्या सरांकडून, मी बीएला व्हतो तवा. त्यांनी कुठून घेतली ठाव न्हाई. सव्वीस वर्षं मी हीच वाचून दाखवतोय."

त्यांनी कापडाची गाठ सोडली.

"नोकरीच्या पहिल्या दिवशी मी वर्गात तोंड उघडलं आन 'नदी हाय' म्हनालो. मागचा बाक हसला. धनगराचं पोर, दुसरं काय बोलनार? त्या दिवशी मी माझं तोंड मिटलं आन वहीचं उघडलं. ते परत बंद झालंच न्हाई."

जोगदंड मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "सर, तुमचं तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या नोट्स उसन्या असतील. म्हणून आमच्याकडं बोट दाखवायचं कारण नाही."

"मी कुनाकडं दाखवलं, मॅडम?"

"सगळ्यांसमोर बोलणं म्हणजे दाखवणंच असतं."

त्या उठून गेल्या. त्यांच्या मागं आणखी दोघं गेले. सर वही पुन्हा कापडात बांधत होते. गाठ बसत नव्हती, मग सय्यद सरांनी मारून दिली.

जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, "वैशाली, तुझ्या शेजारी एक पोरगी बसायची. हिरीचं बोलली व्हती. कुठं असती ती?"

मी दचकले. त्यांना आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रुक्मिणी त्या वर्षी कॉलेजच्या परीक्षेत भूगोलात राहिली. थोड्या गुणांनी. घरच्यांनी पुढं शिकवलं नाही, लग्न लावून दिलं. भूगोलामुळंच असं म्हणता येणार नाही. तिचं लग्न कदाचित तसंही लागलं असतं. आता ती युसूफ वडगावच्या बाजूला पिठाची गिरणी चालवते, एवढं मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. सर मागं बसले होते, काठी आडवी धरून.

गिरणी चालू होती. रुक्मिणीच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं. तिनं आधी मला ओळखलं, मग सरांना. खटका ओढून गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला आणि एकदम शांत झालं.

"सर? तुमी इकडं कावून?"

सरांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, सरळ. तुझा पेपर मी तपासला होता, तुझं उत्तर खरं होतं, मी शून्य दिलं, ते सांगायला आलो.

ती ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "त्या पेपरात मी काय लिहिलं व्हतं, आठवतंय तुमाला?"

"आठवतंय. नव्वद फुटावर बी खडकच लागला. बाप खाली उतरायचा आन तू वर दोरापाशी थांबायचीस, असं लिहिलं व्हतंस."

"आन त्याच्याखाली तुमी लाल शाईनं काय लिहिलं व्हतं?"

"विषयांतर," सर म्हणाले.

"मला त्या शब्दाचा अर्थ ठाव नव्हता. ह्या वैशूला इचारला." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "बाप हिरीत, मी दोरापाशी. आन ते विषयांतर."

मग तिनं आत आवाज देऊन चहा सांगितला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काही हरकत नाही, जाऊ द्या, असंही म्हणाली नाही. चहा पिऊन झाल्यावर कपबश्या उचलताना म्हणाली, "तुझं बरोबर हाय, एवढं तवा म्हनला असता तरी झालं असतं, सर. मार्कं नसती दिली तरी."

"व्हय," सर म्हणाले.

"माझी पोरगी सातवीला हाय. तुमच्याच कालेजात घालनार मी तिला. तवर तुमी असताल का?"

"न्हाई. मी दोन वर्सात रिटायर."

"मग कुनाकडं बघून पाठवू?"

सरांनी काठीनं माझ्याकडं खूण केली. मी पायाखालच्या जमिनीवर सांडलेलं पीठ बघत राहिले.

सोमवारी सर वर्गात गेले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. 'लिहा' म्हणाले नाहीत. पोरांनी पेनं उघडून धरली होती. सर घरच्या बोलीत म्हणाले, "तुमच्या गावात पानी किती खोल हाय, हे आधी एआयला इचारा. ते काय सांगतं ते वहीत उतरवा. मग घरी जाऊन म्हाताऱ्या मानसाला इचारा. मग दोर घ्या, दगड बांधा, आन हिरीला इचारा. तिन्ही घेऊन या."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. दारातून मी बघत होते. सरांचा हात सवयीनं मनगटाकडं गेला, तिथं बटण नव्हतं. ते थांबले, हसणं विरू दिलं आणि पुढं बोलू लागले.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. नोट्सशिवाय पन्नास मिनिटं कशी भरायची हे त्यांना येत नव्हतं. मध्येच गप्प होत. एकदा तर वीस मिनिटांत तास सोडून स्टाफरूममध्ये येऊन बसले. पोरांनी सह्यांचा अर्ज प्राचार्यांना दिला : गडदे सर नोट्स देत नाहीत, आमचं नुकसान होत आहे. अर्ज अगदी शुद्ध मराठीत होता. सरांनी तो वाचला आणि म्हणाले, "एआयनं लिहिलाय. पन सह्या खऱ्या हायत. सह्यांचं उत्तर द्यावं लागंल."

त्यांनी अर्ज वर्गात नेला, पोरांपुढं वाचला आणि कबूल केलं, की तुमचं म्हणणं खरं आहे, मला अजून नीट जमत नाही, मला सहा महिने द्या.

हळूहळू वह्या येऊ लागल्या. आष्टीकडच्या एका मुलाच्या गावाजवळ एआयनं बारमाही नदी सांगितली होती, तिथं ओढासुद्धा चार महिनेच वाहतो. तेलगावच्या एका मुलीनं उसाच्या फडाशेजारच्या पाच बोअरची खोली विचारून आणली, आणि कुठली कधी आटली तेही. प्रयोगशाळेची एक भिंत या कागदांनी भरली. सय्यद सर पोरांना शिकवत होते, की यंत्राला नुसतं विचारून भागत नाही, उलटतपासणी करावी लागते. एके दिवशी एक मुलगा सांगू लागला, शेजारी-शेजारी दोन बोअर, एकाला पाणी, एक कोरडी, असं का हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. देवाची करणी म्हणाले. एआयनं मात्र खडकाचे थर आणि त्यातल्या भेगा समजावून सांगितल्या. सर पुस्तक काढून बसले, पडताळलं, बरोबर निघालं. "हे बघा, इथं त्याचं खरं हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला, की जणू उत्तर घरच्याच कुणी दिलं होतं. यंत्रावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो स्वतःवर.

पण भूगोलाचा निकाल त्या वर्षी घसरला. विद्यापीठाचा पेपर जुन्याच पद्धतीचा होता. प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, एवढी वर्षं छान चाललं होतं, जाता जाता हे काय काढलं?

दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, गटाचा अहवाल द्यायचा होता. निमंत्रक म्हणून सरांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला. पहिल्याच पानावर होतं : 'विद्यार्थी एआयकडून उतरवतात अशी तक्रार करण्यापूर्वी एक नोंद करतो. मी सव्वीस वर्षे दुसऱ्याची वही वाचून दाखवली. उतरवणे माझे विद्यार्थी माझ्याकडूनच शिकले.' प्राचार्यांनी ते पान काढायला सांगितलं. कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. सर नको म्हणाले. प्राचार्य चांगले गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवला नाही. निवृत्तीला महिना राहिला आहे, तुम्ही आराम करा, असं म्हणून त्यांनी निमंत्रकपद जोगदंड मॅडमकडं दिलं.

चार दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. अहवाल टाइप होऊन आला होता. ते पान नव्हतं. 'अभ्यासगटाच्या प्रयत्नांमुळे कॉपीचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले', असं एक नवं वाक्य होतं.

"सगळ्यांच्या झाल्यात, तुमचीच सही राहिलीय," प्राचार्य म्हणाले.

"सय्यद सरांची?"

"केली त्यांनी. वाद घातला, पण केली."

मी पेन हातात धरून बसले. प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "जूनमध्ये नव्या नेमणुका करायच्यात," ते सहज बोलावं तसं म्हणाले.

मी सही केली. जूनमध्ये माझी नेमणूक झाली.

सरांनी निरोप समारंभ नको म्हटलं होतं, तरी झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. एका वक्त्यानं त्यांच्या नोट्सचं तोंड भरून कौतुक केलं, पिढ्या घडल्या म्हणाला. सर खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. बोलायची वेळ आली तेव्हा उभे राहून हात जोडले आणि बसले. मी सहीचं त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं कित्येक महिने नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर सर गेले. सकाळी अंगणात तोंड धुताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला आमच्यातले सगळे गेले. जोगदंड मॅडमही आल्या होत्या. परतताना गाडीत त्या एकाएकी म्हणाल्या, "माझ्या पण नोट्स माझ्या मॅडमच्याच आहेत गं." एवढंच. मग गावापर्यंत बाहेर बघत बसल्या. शनिवारी आता आम्ही तिघं जमतो, सय्यद सर, त्या आणि मी. कधी चौथं कुणी येतं, कधी येत नाही.

सर शेवटचे भेटले ते त्याआधी उन्हाळ्यात, केजच्या बसस्टँडवर. सिमेंटच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर. बाह्या दुमडलेल्या, गोंदण उन्हात हिरवं दिसत होतं. मी शेजारी जाऊन बसले. तब्येतीचं बोलणं झालं, कॉलेजचं झालं. मग मला राहवेना. मी सांगून टाकलं. अहवालावर मीही सही केली, सर. तुमचं पान नव्हतं, तरी केली.

त्यांनी खिशातून फुटाणे काढले, निम्मे माझ्या हातावर ठेवले.

"ठाव हाय," म्हणाले. "सय्यद रडत आलता घरी, त्याच दिवशी."

"तुम्ही बोलला नाहीत काहीच."

"काय बोलू? पोट कुनाला चुकलंय? मला सव्वीस वर्षं चुकलं न्हाई." मग म्हणाले, "कागदावर केलीस, केलीस. वर्गात मात्र कुनाच्या लिहिल्यावर सही करू नको."

मला रडू येत होतं आणि स्टँडवर रडायची लाज वाटत होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, बीडची गाडी लागली तिकडं बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गर्दीतून वाट काढत चढले.

त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली, डोक्यावरचं गाठोडं मांडीत घेऊन. बसल्या बसल्या ती काहीतरी तावातावानं सांगू लागली, सुनेचं असेल, शेताचं असेल. मी हात हलवायला खिडकीखाली गेले. सरांना मी दिसलेच नाही. ते तिच्याकडं पूर्ण वळले होते, मान वाकवून, कान तिच्या तोंडाशी नेऊन. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, बाईचा आवाज त्यात बुडाला. तेवढ्यात सरांचा आवाज मला ऐकू आला.

"मग? पुढं काय झालं?"

गाडी वळली.